सेवा करणाऱ्यांच्या मनाची काळजी कोण घेणार?



या पानावर आपण बहुतेक वेळा शरीराच्या आजारांबद्दल बोलतो. आज मनाबद्दल बोलू. तेही अशा लोकांच्या मनाबद्दल, ज्यांनी कोविडच्या काळात इतरांना सांभाळलं आणि ज्यांना स्वतःला काही होऊ शकतं हे आपल्या ध्यानातच येत नाही.

सुरुवात माझ्यापासून करते. २०२२ चा पावसाळा नुकताच संपला होता. मी ज्या कोविड वॉर्डात काम केलं तो बंद होऊन काही महिने झाले होते. धरमतरच्या थांब्यावर ड्युटीच्या एसटीची वाट बघत उभी होते. एसटी आली, पण माझे पाय उचलेनात. दुसरी आली, तीही गेली. तिसरी गेल्यावर घरी परतले आणि बीपी कमी झालंय असं सांगून झोपून राहिले. बीपी ठीक होतं. मी नर्स आहे, मोजून बघितलं होतं. त्याआधीचे चार-पाच महिने मला रोज रात्री दोनला जाग यायची. कुकरची शिट्टी झाली की वॉर्डातला मॉनिटर वाजल्यासारखी मी दचकायचे. मुलाने पाणी मागितलं तरी त्याच्या अंगावर ओरडायचे. कुणाला काही सांगितलं नाही. लोकांची माणसं गेली, आपण तर जिवंत आहोत, मग आपण रडायचं कशाला, असं वाटायचं.

तो आजार होता. त्याला नाव होतं, त्यावर उपचार होता. आणि तो मला कामावर झाला होता. कारखान्यात भावाचं बोट मशीनमध्ये सापडलं तर त्याला कुणी 'तू मनाने कच्चा आहेस' असं म्हणत नाही. कामावरची इजा म्हणतात, औषधपाणी करतात, भरपाई मागतात. साथीत राबलेल्या माणसाच्या मनाला झालेली इजासुद्धा कामावरचीच इजा आहे. आजच्या लेखात मला एवढंच पटवून द्यायचं आहे.

ही माणसं आपल्याच वाडीतली

'आरोग्य कर्मचारी' म्हटलं की पांढरा कोट घातलेले डॉक्टर आठवतात. आपल्या बौद्धवाड्यांत डॉक्टर थोडे. पण नर्सिंग केलेल्या मुली आहेत, वॉर्डात मावशी म्हणून काम करणाऱ्या बाया आहेत, वॉर्डबॉय आहेत, रुग्णालयाची सफाई करणारे, रुग्णवाहिका आणि शववाहिका चालवणारे भाऊ आहेत, आशाताई आणि अंगणवाडीसेविका आहेत. पगारपत्रकात त्यांचं नाव काहीही असो, साथीच्या वेळी हे सगळे आरोग्य कर्मचारीच होते.

महाराष्ट्रात कोविडचा पहिला रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडला. महिनाभरात १४ एप्रिल आली आणि आपण बाबासाहेबांची जयंती घराच्या उंबऱ्याआत साजरी केली. त्या दिवशी यातली बरीच माणसं ड्युटीवर होती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ थेट आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं. घरांचे पत्रे उडाले, कितीतरी गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. ज्यांच्या स्वतःच्या घरावर छप्पर राहिलं नाही त्यांनाही कामावर हजर राहावं लागलं. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली. आशाताई ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर घेऊन घरोघर फिरल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, तेव्हा बेड आणि ऑक्सिजनसाठी लोक दारोदार फिरत होते. ती ओसरते तोच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला, ८० हून अधिक माणसं गेली. रायगडच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना एका संकटातून दुसऱ्यात जाताना मध्ये दम घ्यायलाच मिळाला नाही.

वॉर्डाच्या आत काय चालायचं

पीपीई किट घातलं की सहा-सहा तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. किट एकदा काढलं की पुन्हा घालता यायचं नाही, आणि दुसरं मिळेल याची खात्री नसायची. पाळी आलेल्या मुली मोठ्या माणसांचे डायपर लावून ड्युटी करायच्या. काहीजणी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायच्या.

हे शरीराचे हाल. मनाला लागलेलं वेगळं. एरवी माणूस जाताना त्याच्याजवळ घरचं कुणीतरी असतं. त्या काळात ती जागा आमच्यावर आली. मोबाइल रुग्णाच्या तोंडासमोर धरून मी घरच्यांना शेवटचं दाखवलेलं आहे. पलीकडून बाई म्हणायची, "सिस्टर, त्यांच्या कपाळावरून जरा हात फिरवा." मी दोन-दोन हातमोजे घातलेला हात फिरवायचे. मग आमच्या मावशी आणि वॉर्डबॉय ते शरीर पिशवीत बंद करायचे आणि पुढच्या रुग्णासाठी खाट पुसायचे. पाच मिनिटं बसून राहायलाही वेळ नसायचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने मरण पावले. शेजारी काम करणारी मैत्रीण आज रुग्ण म्हणून त्याच वॉर्डात आली, असं आम्ही बघितलं. उद्या आपण, हे रोज मनात असायचं. त्याहून मोठी भीती होती आपण घरी नेऊन आईला, बाळाला देऊ ही.

मनाला नेमकं काय होतं

धोका दिसला की शरीर तयार होतं. हृदय जोरात चालतं, झोप उडते, कान टवकारतात. साप दिसल्यावर हे कामाचं आहे. साप गेला की शरीर शांत होतं. साथीत मात्र साप दोन वर्षं अंगणातच होता. शरीर त्या तयारीतून बाहेरच येत नाही, आणि मग त्रास सुरू होतो. त्याचे प्रकार असे:

*रितेपण.* याला बर्नआउट म्हणतात. झोपूनही थकवा जात नाही, कामाचा तिटकारा येतो, आपण काही उपयोगाचे नाही असं वाटतं. एरवी मायेने बोलणारी सिस्टर रुग्णावर खेकसायला लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची नोंद करताना स्पष्ट म्हटलं की हे कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येतं.

*चिंता.* छातीत धडधड, हातापायाला घाम, पोट बिघडणं, पुन्हा पुन्हा हात धुणं, काहीतरी वाईट होणार असं सतत वाटणं.

*नैराश्य.* दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहणं, कशातच रस न वाटणं, भूक आणि झोप बिघडणं, सगळा दोष स्वतःकडे घेणं, जगून काय करायचं असे विचार येणं.

*आघाताचा ताण.* घडलेलं पुन्हा डोळ्यासमोर घडतं, स्वप्नात येतं. विशिष्ट आवाज, वास, जागा टाळावीशी वाटते. माझी कुकरची शिट्टी आणि न पकडलेली एसटी ती हीच. हा त्रास कधी कधी प्रसंग होऊन गेल्यावर महिन्यांनी वर येतो. म्हणून घरचे म्हणतात, आता कोविड कुठे आहे, आता काय झालं?

*मनाला पटत नसताना करावं लागल्याची जखम.* ही सगळ्यात कमी बोलली जाते. ऑक्सिजनची एक खाट आणि दारात दोन माणसं. कुणाला द्यायची ते वरून ठरतं, पण 'जागा नाही' हे शब्द त्या माणसाच्या मुलाला आपण सांगायचे. काय बरोबर ते ठाऊक असताना ते करता आलं नाही, याचा सल राहतो. त्यात दोष कुणाचा आणि शिक्षा कुणाला हाही प्रश्न आहे. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. पुढच्या काही दिवसांत अटक झाली त्यांत एक महिला डॉक्टर आणि परिचारिका होत्या. राज्यभरच्या परिचारिकांनी ती बातमी वाचली तेव्हा प्रत्येकीच्या मनात आलं, उद्या आपल्या वॉर्डात असं झालं तर?

हे त्रास थोड्याथोडक्यांना झाले असंही नाही. २०२० च्या सुरुवातीला चीनमध्ये ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणं होती, शंभरातल्या ३४ जणांना झोपेचा त्रास होता. परिचारिका, स्त्रिया आणि प्रत्यक्ष कोविड रुग्णांजवळ काम करणारे यांच्यात हे प्रमाण जास्त होतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कॅनडातल्या टोरोंटो शहराची. तिथे २००३ मध्ये सार्सची साथ आली होती. एक-दोन वर्षांनी तपासलं तेव्हा ज्या रुग्णालयांनी सार्सचे रुग्ण हाताळले तिथल्या कर्मचाऱ्यांत ताण आणि रितेपण अजूनही जास्त आढळलं. पण ज्यांना पुरेसं प्रशिक्षण, संरक्षण आणि आधार मिळाला असं वाटत होतं, त्यांना त्रास कमी होता. म्हणजे साथ तीच, रुग्ण तेच, पण कर्मचाऱ्याला कसं वागवलं यावर त्याच्या मनाचं काय होणार हे बरंचसं ठरतं.

'लांब राहा' हे शब्द आपल्याला नवे नव्हते

२२ मार्च २०२० ला देशाने टाळ्या-थाळ्या वाजवल्या. ३ मे ला हवाई दलाने रुग्णालयांवर फुलं उधळली. त्याच दिवसांत देशभरात डॉक्टर-नर्सना भाड्याच्या खोल्या रिकाम्या करायला सांगितल्याच्या बातम्या येत होत्या. आमच्याबरोबरच्या एका मुलीला घरमालकिणीने सांगितलं, नळाला हात लावू नकोस, तुझं पाणी मी ओतून देईन. ती ड्युटीवर येऊन म्हणाली, "ताई, आजी सांगायची ती गोष्ट माझ्याच वाट्याला आली."

रोगाचं अंतर पाळणं वेगळं आणि माणसाला विटाळ मानणं वेगळं. चवदार तळ्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला हा फरक दुसऱ्या कुणी शिकवायला नको. तरी खरं सांगायचं तर, आपल्या वाड्यांतही काही ठिकाणी आशाताई दारात आली की दार लावलं गेलं. सफाई करणाऱ्या भावाच्या मुलांना खेळायला घेतलं नाही. ज्यांनी हे केलं त्यांनी आजही जाऊन 'तेव्हा चुकलं' एवढं म्हटलं तरी त्या माणसाच्या मनावरचा भार हलका होईल.

दुसरा घाव पैशाचा. कोविडच्या कामासाठी केंद्राने आशाताईंना महिन्याला १,००० रुपये जाहीर केले, म्हणजे दिवसाला ३३ रुपये. राज्यातल्या सुमारे ७० हजार आशाताईंनी १५ जून २०२१ पासून संप केला, तेव्हा २३ जूनला १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाला. कोविड केंद्रांत तीन-तीन महिन्यांच्या कंत्राटावर घेतलेल्या कितीतरी नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगारांना लाट ओसरताच घरी पाठवलं गेलं. माझ्या ओळखीच्या एका मावशींना ठेकेदाराने शेवटचे दोन महिने दिलेच नाहीत. त्या म्हणतात, "मयतं उचलल्याचं मला काय वाटत नाही. पण काम झाल्यावर मला ओळखलं नाय, ते लागलं." हा अपमानही मनाच्या आजाराचं एक कारण आहे.

त्याग मागू नका

सावित्रीमाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना स्वतः प्लेगने गेल्या, १० मार्च १८९७ ला. आपण त्यांना वंदन करतो आणि करत राहू. पण त्यांचं नाव घेऊन आपल्या मुलींकडून त्यागच मागायचा, हे माईंना आवडलं नसतं. 'कोविड योद्धा' म्हटलं की योद्ध्याला थकण्याची मुभा राहत नाही. आपल्या मुली शिकून नोकरीला लागल्या, पगार घेऊन काम करतात. त्यांना सुट्टी हवी, झोप हवी आणि 'मला जमत नाहीये' असं म्हणता यायला हवं.

घरच्यांनी काय करावं

- 'तू नर्स असून तुला काय होतंय' असं म्हणू नका. 'किती मेले गं तुझ्या वॉर्डात' असंही विचारू नका. 'आज कसं वाटतंय?' एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका. सल्ला नंतर.
- नाईट करून आलेल्या माणसाला दिवसा अंधाऱ्या, शांत जागेत सलग झोपू द्या. घर एकाच खोलीचं असेल तर तेवढे तास मुलं शेजारी पाठवा, टीव्ही बंद ठेवा.
- ड्युटीवरून आलेल्या बाईला चुलीपुढे उभी करू नका. भाकरी-भाजी नवऱ्याला आणि मुलग्यांनाही यायला हवी.
- दारूकडे लक्ष ठेवा. शव उचलणारे, शववाहिका चालवणारे काही भाऊ म्हणतात, घेतल्याशिवाय ते काम होत नाही. त्यांना शिव्या देऊन दारू सुटणार नाही. दारूच्या मागे न झोपलेल्या रात्री आहेत हे ओळखून त्यांना उपचाराला न्या.
- नर्स मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी. झोपेच्या गोळ्या आपल्या हाताशी असतात. स्वतःच्या मनाने घेऊ नका. सवय लागते आणि मूळ आजार तसाच राहतो.
- मरणाची भाषा ऐकू आली, कुणी आवरासावर करू लागलं, निरोप घेतल्यासारखं बोलू लागलं, तर सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतोय का?' असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

उपचार कुठे

फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस, क्रमांक १४४१६. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्यासाठी अलिबागला, मानसोपचाराच्या ओपीडीत जा. जास्त उपचारांची गरज असेल तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. भगत-देवऋषीकडे वेळ घालवू नका.

नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्यावर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात गुण नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. गोळ्यांइतकंच महत्त्व समुपदेशनाला आहे. मी आठ महिने गोळ्या घेतल्या आणि बोलायलाही जात होते. आज मी शांत झोपते. कुकरची शिट्टी आता कुकरचीच वाटते.

'नोकरीवर कळलं तर?' ही भीती सगळ्यांना असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त ठेवणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. याच कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा नाही. पोलिसांच्या भीतीने कुणी उपचार टाळू नये.

पुढची साथ येण्याआधी

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण साथी पुन्हा येतात. तेव्हा आपल्या मुलामुलींना त्याच हालात ढकलायचं नसेल तर आजच मागण्या लावून धरायला हव्यात. कंत्राट लेखी हवं आणि पगार वेळेवर हवा. सलग कठीण वॉर्डात न ठेवता ड्युटी फिरती हवी. ड्युटीच्या मध्ये पाणी, जेवण, शौचालयासाठी वेळ हवा. वॉर्डात मृत्यू झाल्यावर त्या पाळीच्या लोकांना एकत्र बसून बोलायला थोडा वेळ हवा. आणि हे सगळं नर्सला मिळेल ते मावशीला, सफाई कामगाराला आणि शववाहिकेच्या ड्रायव्हरलाही मिळायला हवं.

एक काम मात्र कुणाकडे न मागता आपल्याला करता येईल. वर्षावासात आपण संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला जमतोच. त्यातली एक संध्याकाळ आपल्या वाडीतल्या या माणसांसाठी ठेवा. सत्कार नको, शाल-नारळ नको, भाषणं नकोत. त्यांना मध्ये बसवा आणि त्या दोन वर्षांत काय झालं ते विचारा. कुणाला बोलायचं नसेल तर नुसतं बसू द्या.

आमच्या वाडीत आम्ही असं बसलो होतो. ठेकेदाराने पैसे बुडवलेल्या त्या मावशी आल्या होत्या. दीड तास त्या काहीच बोलल्या नाहीत. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "सिस्टर, तो अलिबागचा डॉक्टर कुठल्या वारी असतो?" पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी एकाच एसटीने गेलो.